मंदाच्या मशीनवरचं माझं नाव

चैत्र लागला की माझ्या मेलवर एक पत्र येतं. ‘प्रिय स्मिता, आपलं वर्षाचं सबस्क्रिप्शन संपत आलं आहे, नूतनीकरण करा.’ पाठवणारी कंपनी कुठल्या देशात आहे ते मला अजून नीट माहीत नाही. पण माझ्या नावाआधी ‘प्रिय’ लिहिणारं आता तेवढंच कोणी उरलंय. यंदाही पत्र आलं. खिडकीबाहेर कडुनिंबाला मोहोर आलेला, कूलरच्या गवताचा ओला वास घरभर, आणि मी चष्मा वर सरकवून ते पत्र दोनदा वाचलं.

चैत्र म्हटलं की लोकांना कैरीची डाळ आठवते, पन्हं आठवतं, गाठींची माळ आठवते. मला मंदा आठवते, आणि छातीत बरगडीखाली एक ओळखीची जळजळ सुरू होते. आता या वयात लपवायचं काय? मी मंदाचा हेवा करायचे. करायचे म्हणजे, अजून करते.

आम्ही दोघी ड्राफ्ट्समन. बायकांसाठी वेगळा शब्द त्या धंद्यात कोणी काढलाच नाही, आणि आम्हीही कधी मागितला नाही. गुलमंडीत एका कापड दुकानाच्या वर आमच्या इंजिनिअर साहेबांचं ऑफिस होतं. लाकडी जिना, वर दोन ड्रॉइंग बोर्ड शेजारी शेजारी, एक माझा, एक तिचा. खालून दिवसभर थान फाडल्याचा आवाज यायचा. वर नकाशांच्या प्रती काढायच्या अमोनियाचा वास, ट्रेसिंग पेपरची सळसळ, आणि शाई ओघळली की ब्लेडनं ती खरवडण्याचा बारीक आवाज. अशी आमची अठरा वर्षं गेली.

माझ्या माहेरी अक्षराचा मोठा तोरा होता. आजोबा निजामाच्या काळात कचेरीत कारकून. त्यांच्या हातचे कागद बघायला लोक यायचे म्हणे. ‘आमच्या घरात वळण रक्तात आहे’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. मंदा पैठणकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या घरात पाटी पहिल्यांदा तिच्यासाठीच आली. आणि पहिल्याच आठवड्यात मी तिच्या बोर्डावर वाकून बघितलं, तर तिनं उत्तर दिशेचा बाण काढला होता. साधा बाण. तो बघून माझ्या लक्षात आलं की आमच्या रक्तातलं वळण ते काही एवढं मोठं नव्हतं.

तिची रेघ सुरू कुठं झाली आणि संपली कुठं ते कळायचं नाही. माझ्या रेघेच्या टोकाला शाईचा एक ठिपका राहायचाच. ‘हात हलका ठेव की जरा,’ ती म्हणायची. ‘कागदाला भेव दाखवायलीस कामून?’ हे ती खरोखर मदत म्हणून सांगायची, तेच मला सहन व्हायचं नाही. कुजकं बोलली असती तर मी सुखी झाले असते.

त्या ऑफिसची एक शिस्त होती. नकाशावर खाली उजवीकडे चौकट असते, तिच्यात मालकाचं नाव, गट नंबर, साहेबांचं नाव आणि सही. नकाशा काढणारीचं नाव कुठंच नाही. साहेब कडक होते. एकदा मंदानं कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीकसा ‘मं’ लिहिला, तर त्यांनी स्वतः रबर घेऊन तो खोडला आणि कागद परत दिला. तेव्हापासून आमच्या हातांना ती जागा मोकळी सोडायची सवय लागली. अठरा वर्षांची सवय. पुढं जे झालं ते या सवयीतून झालं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

साहेब थकले, ऑफिस बंद झालं, बोर्ड भंगारात गेले. दुष्काळाची ती लागून आलेली वर्षं. जायकवाडीचा मृतसाठा किती उरला याचे आकडे वर्तमानपत्रात रोज यायचे आणि लोक ते आजारी माणसाचा ताप विचारावा तसे एकमेकांना विचारायचे. आणि गंमत अशी की त्याच वर्षांत शहर फुगत होतं. पाणी आटत होतं आणि प्लॉट वाढत होते. बिडकीनच्या रस्त्यानं जावं तर दोन्ही बाजूंनी शेतात चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब आणि ‘स्वप्नातलं घर’ असले फलक. फलकावरच्या चित्रात मात्र कारंजी उडायची.

त्या रस्त्यावर प्लॉटिंग करणारे एक थोटे साहेब होते. त्यांना ऑफिसात कायमची एक ड्राफ्ट्समन हवी होती. जागा एकच. त्यांनी आम्हा दोघींनाही बोलावलं, बिडकीनजवळच्या बारा एकरांचा मोजणीचा नकाशा हातात दिला आणि म्हणाले, याचा लेआउट काढून आणा, अक्षय्य तृतीयेपर्यंत, पण नव्या सॉफ्टवेअरवर. हातानं काढलेलं आता कुठंच घेत नाहीत.

मला ती जागा हवी होती. घरात अडचण होती अशातला भाग नाही, यांची नोकरी चालू होती. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी दुपारी बारा वाजता घरात बसून दाराची कडी वाजते का ऐकत राहणं म्हणजे काय, ते मला त्या सहा महिन्यांत कळलं होतं. मला सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं होतं. माझं म्हणून एक टेबल हवं होतं. मंदालाही हेच हवं होतं आणि तिनं ते सरळ सांगून टाकलं. ‘एकच जागाय म्हण, स्मिते. तू बी काढ, म्या बी काढते. जिची व्हईल तिची व्हईल.’ असं मला कधी बोलता आलं नाही. मी फक्त ‘बघू’ म्हटलं.

आता त्या कंप्युटरची गोष्ट. मंदाकडं एक जुनं मशीन होतं, कुठल्यातरी ऑफिसनं काढून टाकलेलं, पिवळट पडलेलं, चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखं घरघरणारं. क्लास लावून ती त्याच्यावर नकाशे काढायला शिकली होती, माझ्या आधी. मीही शिकले, पण माझ्याकडं मशीन नव्हतं. मग मी जालना रोडवरच्या चकचकीत शोरूममध्ये गेले आणि तिथलं सगळ्यात देखणं मशीन घेतलं. पांढरंशुभ्र, सुरीसारखं पातळ, आवाज म्हणून नाही. घेताना माझ्या डोळ्यांसमोर नकाशा नव्हता, मंदाचा चेहरा होता. ती ते बघेल आणि तिला काय वाटेल याचा विचार करतच मी पिशवी हातात घेतली.

सॉफ्टवेअर त्याच्यावर चालेल का, हे मी विचारलंच नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. आमच्या काळी पेन कुठलंही असो, कागद कुठलाही असो, रेघ उमटायची. मी वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, माझ्या नावानं, सगळी माहिती भरून, आणि मग त्या पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. तिचा अर्थ एवढाच होता की हे सॉफ्टवेअर या प्रकारच्या मशीनसाठी नाही. शोरूमवाला म्हणाला, मशीनमध्ये दोष नाही मॅडम. कंपनीच्या मदत केंद्रातला मुलगा फोनवर म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही मॅम. दोघेही खरं बोलत होते, आणि मी मधे उभी होते.

या गोष्टीवर मी आजही तासभर भांडू शकते. मिक्सर घेतला तर तो शेजारणीच्या घरात चालतो. पुस्तक घेतलं तर ते पलंगावर वाचा नाहीतर पायरीवर. आणि इथं मी वर्षभराची वर्गणी भरलेली, पावती हातात, तरी माझं मशीन कुठल्या घराण्यातलं ते बघून मला दारातूनच परत पाठवायचं. सोयरीक जमवतानाही माणसं इतकं बघत नाहीत. आणि ज्या घराण्यातलं हवं होतं, ते कुणाचं असावं? मंदाचं. ते पिवळट डबडं या बड्या कंपनीला पसंत होतं आणि माझी पांढरी राणी नापसंत.

कंपनी वर्गणी परत द्यायला तयार होती. सात दिवसांत कळवा, अट एकच, सॉफ्टवेअर तोपर्यंत कुठल्याही मशीनवर सुरू केलेलं नसावं. तेवढं थांबले असते तर ही गोष्ट घडलीच नसती. पण दोन दिवसांवर पाडवा आला होता. आमच्याकडं नवी वही, नवं पेन, नवा बोर्ड, काहीही असो, पाडव्याला त्याच्यावर पहिली रेघ ओढायची. इंजिनिअर साहेबांनी अठरा वर्षं आमच्याकडून ती ओढून घेतली होती, हळदकुंकू लावून. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आणि सॉफ्टवेअर नुसतं पडून, हे माझ्या मनाला पटेना. मंदाला फोन केला तर ती म्हणाली, ‘मग आण की हिकडं. माझ्यावर टाकू तात्पुरतं. मुहूर्त कामून चुकवायलीस?’

पाडव्याला मी मुकुंदवाडीत तिच्या घरी गेले. दारात गुढी, तिच्यावर जुन्या पैठणीचा तुकडा. तिनं कडुनिंबाचा मोहोर आणि गूळ हातावर ठेवला. मशीनला हळदकुंकू लावलं, मी माझा पासवर्ड टाकला, सॉफ्टवेअर उघडलं आणि मी पडद्यावर पहिली रेघ ओढली. सरळ, आडवी, ठिपका नसलेली. मला फार बरं वाटलं. ते तात्पुरतं म्हणून टाकलेलं लायसन्स तिथंच बसलं. एका वर्षात एकच मशीन, एकदा सुरू केलं की बदल नाही, परतावा नाही. हे सगळं अटींमध्ये लिहिलेलं होतं. मी त्या न वाचता ‘मान्य’ दाबलं होतं.

म्हणजे वर्गणी माझी, नाव माझं, आणि सॉफ्टवेअर मंदाच्या घरात, तिच्या टेबलावर, जुन्या ओढणीखाली झाकलेलं. मंदाला ते परवडलं नसतं. ती थोटे साहेबांचा लेआउट कसा काढणार होती देव जाणे. आता तिचा प्रश्न सुटला होता, माझ्या मुहूर्तानं. ‘तू सकाळी बस, म्या दुपारची बसते,’ ती म्हणाली. नाही कसं म्हणणार, मशीन तिचं.

तो अख्खा चैत्र मी रोज मुकुंदवाडीला गेले. रिक्षातून उतरलं की गल्लीत आधी निळे ड्रम दिसायचे. रांगेत ठेवलेले, काहींवर नाव रंगवलेलं, काहींना ओळखीची चिंधी बांधलेली. आठवड्यातून एकदा नळ आणि मधे कधीतरी टँकर. टँकर आला की पूर्ण गल्ली हातातलं काम टाकून धावायची. रबरी नळीचा तो दमट वास आणि बायकांची ओरड. मंदाचा ड्रम पहिल्या पाचांत असायचा, भांडण न करता. लोक तिला जागा देत. याचाही मला हेवा वाटायचा. आमच्या अपार्टमेंटमध्ये मी सोसायटीच्या चेअरमनशी बोलतही नव्हते.

मी पोचायच्या आधी ती खुर्चीवर उशी ठेवायची, कारण मी बुटकी. टेबलावर तांब्याभर पाणी, वर झाकणी. दुष्काळात कुणी तांब्या भरून ठेवतं का? अर्धा ठेवावा. पण तिचा नेहमी भरलेला. मी ते पाणी प्यायचे आणि तिच्या फायली बघायचे. आदल्या दिवशी दुपारी तिनं काय काढलं ते उघडून बघितल्याशिवाय मी माझं काम सुरू करत नसे. ती कधीच माझी फाईल उघडत नसावी. तिला गरज वाटत नव्हती, हेच मला खुपायचं.

मशीनवर रेघेच्या टोकाला ठिपका पडत नाही. मला वाटलं होतं, आता आम्ही सारख्या झालो. पण तसं नव्हतं. माझे प्लॉट एका मापाचे, काटकोनातले, रस्ते सरळ, एक इंच जागा वाया नाही. कुणीही चूक काढू शकलं नसतं. आणि तिच्या कागदावर रस्ता जरासा वळायचा, वळणावर मोकळी जागा असायची, आणि बघताना वाटायचं की इथं माणसं संध्याकाळी चालतील. मी तिची फाईल बंद करायचे आणि तोंडावर पाणी मारून परत बसायचे.

एकदा आम्ही दोघी जागा बघायला बिडकीनला गेलो. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, कुठंतरी कापसाच्या जुन्या पऱ्हाट्या. जमिनीच्या मधून एक उथळ, लांबट खळगा गेला होता. मला ती जुनी गाडीवाट वाटली. मोजणीच्या नकाशात तिथं काहीच नव्हतं. मी वहीत लिहिलं, ‘भराव’. मंदा खळग्यात उतरली, खाली बसली आणि दोन गोटे उचलून माझ्या हातावर ठेवले.

‘हे बघ. कसे गुळगुळीत हायेत. उन्हानं घासलेत व्हय?’

‘मग?’

‘वढा हाय हितं. बाभळी बघ कशा वळीनं गेल्यात. पाणी येतं हितं, स्मिते. चार वर्सं नाय आलं म्हून नकाशातून काढायचं का?’

मी मनात हिशोब केला की हा ओढा सोडला तर तिचे पंधरा-वीस प्लॉट जातील. कुठला प्लॉटिंगवाला ते चालवून घेईल? त्या उन्हात, घशाला कोरड पडलेली असताना, मला अगदी थंड वाटलं. मंदा स्वतःच्या पायानं हरायला निघाली होती. मी तिला थांबवलं नाही. घरी येऊन मी ओढ्यावरून प्लॉटची एक अख्खी रांग काढली.

कागद छापून आणले पैठण गेटजवळच्या, मोठे नकाशे छापणारा प्लॉटर असलेल्या दुकानातून. दोन मोठे कागद, गुंडाळायच्या आधी मी नीट बघून घेतले. दोन्हींच्या डाव्या कडेला, उभं, मुंगीएवढ्या अक्षरांत सॉफ्टवेअरनं आपणहून छापलेलं होतं: परवानाधारक, आणि पुढं माझं पूर्ण नाव. ज्या नावानं वर्गणी, ते नाव प्रत्येक कागदावर. खाली उजवीकडच्या चौकटीत आम्ही दोघींनीही आपापलं नाव लिहिलं नव्हतं. सुचलंच नाही. ती जागा आमच्यासाठी नसते, हे हातांना पाठ होतं.

ज्या दिवशी कागद द्यायचे होते, त्या सकाळी मंदाचा फोन आला. ‘टँकर यायचाय म्हणं आज. अकरा दिवसांनी यायलाय. माझा बी कागद नेशील का गं? दे तेवढा साहेबाला.’

‘देते,’ मी म्हटलं. आणि दिला, यात खोटं काही नाही.

थोटे साहेबांच्या ऑफिसात एसी होता. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर पसरले, कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले, चष्मा लावून कडेचं नाव वाचलं, आधी एकावरचं, मग दुसऱ्यावरचं.

‘अरे वा. दोन दोन पर्याय काढून आणले मॅडम तुम्ही. असं काम कोण करतं आजकाल? त्या दुसऱ्या मॅडम तर आल्याच नाहीत.’

मी तोंड उघडलं होतं. हे मला नक्की आठवतं. पण त्यांनी माझा कागद बाजूला सरकवला होता. ‘हे ठीक आहे. असे रोज दहा येतात.’ मग मंदाच्या कागदावर हात ठेवून ते बराच वेळ बघत राहिले. ‘और ये देखो. याला म्हणतात लेआउट. हा ओढा तुम्हाला दिसला कसा? मोजणीत तर नाहीच आहे. माझे वडील सांगायचे, इथं पूर यायचा म्हणून. तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘असे रोज दहा येतात’ हे वाक्य अजून माझ्या कानात होतं. माझी अठरा वर्षं, माझा आजोबांचा तोरा, माझी पांढरी राणी, सगळं त्या चार शब्दांत बसलं होतं. मला रडू आलं असतं. त्याऐवजी मी म्हणाले, ‘गोटे गुळगुळीत होते, साहेब.’

एवढंच. दुसऱ्या कागदाबद्दल मी एक शब्द खोटा बोलले नाही. त्यांनी विचारलंच नाही कुणाचा म्हणून. एक तारखेपासून या म्हणाले.

मंदानं संध्याकाळी विचारलं, ‘काय म्हणले?’ तिचे हात अजून ओले होते, साडीचा ओचा भिजलेला. मी म्हटलं, ‘मला घेतलं. एकच जागा होती ना.’ ती मग आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आली आणि चिमूटभर साखर माझ्या हातावर ठेवली. ‘लई चांगलं झालं. तुला घरात करमत नव्हतं.’ तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते दुःख होतं, जळफळाट नव्हता. मी निरखून बघितलं. माझ्या जागी ती असती तर माझा चेहरा कसा दिसला असता, ते मला माहीत होतं.

दोन वर्षांनी पाऊस झाला, चांगला झाला. आजूबाजूच्या प्लॉटिंगमध्ये गुडघाभर पाणी शिरलं. आमच्या लेआउटमधून ओढा वाहिला, गढूळ, फेसाळ, पण आपल्या जागेतून. एकाच्याही उंबऱ्याला लागला नाही. आता त्याच्या दोन्ही काठांनी झाडं आहेत, बाकडी आहेत, संध्याकाळी बायका चालायला येतात. शहराचं नाव बदललं, बिडकीनपर्यंत दिवे आले, थोटे साहेब म्हातारे झाले. पण नवीन गिऱ्हाईक आलं की ते अजून मला केबिनमध्ये बोलावतात आणि सांगतात, दुष्काळात या बाईंनी पाणी बघितलं होतं. गिऱ्हाईक माझ्याकडं आदरानं बघतं. मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

हेवा सरेल असं वाटलं होतं. जागा मिळाली, टेबल मिळालं, नाव झालं. पण ज्याच्या त्याच्या तोंडून कौतुक ऐकताना कळायचं, हे मंदाचं कौतुक चाललंय. माझ्या तोंडावर, माझ्या नावानं, आणि तिला पत्ताही नाही. अशा बाईशी स्पर्धा तरी कशी करायची?

मला जागा मिळाली त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, मृग लागायच्या सुमारास, तिनं मला घरी बोलावलं होतं. आकाश नुसतं पांढरं, वाऱ्यात धूळ. ऑफिसात मला साहेबांनी योग्य घराण्यातलं नवं मशीन दिलं होतं. माझ्या नावाचं लायसन्स मात्र वर्ष संपेपर्यंत मंदाच्या डबड्यावरच राहणार होतं. तिनं गल्लीतल्या लोकांच्या घरांचे छोटे नकाशे काढायला सुरुवात केली होती. चांगलं चाललं होतं. ‘पर एक अडचणाय,’ ती म्हणाली आणि एक कागद माझ्यापुढं धरला. दोन खोल्या आणि ओटा. कडेला बोट ठेवलं. ‘लोकं विचारायलेत, ही स्मिता कोण? नकाशा तुम्ही काढला आन् नाव तिचं कामून? तुझं नाव काढता येतं का गं हितून? विचार की कंपनीला.’

मी विचारलं. मनापासून विचारलं, आधीच सांगते. चार दिवसांनी उत्तर आलं, ते मोबाइलवर तिला वाचून दाखवायला मी पुन्हा गेले. ती खाली बसून भाजी निवडत होती. मी इंग्रजीचं मराठी करत करत वाचलं. प्रिय स्मिता. आपल्या अडचणीबद्दल आम्हाला खेद वाटतो. परवानाधारकाचं नाव मुदत संपेपर्यंत बदलता येत नाही. परवाना दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. या परवान्याखाली छापलेल्या प्रत्येक कागदावर हेच नाव राहील. त्या पत्रातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि मी ते जसंच्या तसं वाचत होते. मी कंपनीवर चिडलेही. काय मेले नियम, म्हणाले. माणसानं काम करावं आणि नाव दुसऱ्याचं लागावं, ही कुठली पद्धत?

मंदा मेथीची काडी हातात धरून थांबली.

‘पत्येक कागदावर?’

‘हो ना.’

‘म्हंजी बिडकीनच्या बी? माझ्या बी आन् तुझ्या बी?’

‘दोन्हींवर असणारच.’

तिनं काडी मोडली, पानं ताटात टाकली. आवाजात संशय नव्हता, राग नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

‘मग थोटे साहेबाला कसं कळलं गं, कुठला कुणाचा ते?’

मी मोबाइल डोळ्यांजवळ घेतला आणि पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.